ताईंच्या नावाने कोण येतं

मंगळवारी सकाळी ताईंनी आदल्या दिवसाच्या नोंदी उघडल्या, तेव्हा त्यांचा चहा अजून गरम होता. तो गार होऊन त्यावर साय धरली तरी त्या पडद्याकडेच बघत बसल्या होत्या. नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं, की सोमवारी अकरा वाजून चार मिनिटांनी ताई भट्टीत शिरल्या. सर्वाधिकार वापरून त्यांनी रांगेतली कामं बाजूला सारली, एक गणित चालवलं, बावीस मिनिटांनी त्याचं उत्तर घेतलं आणि बाहेर पडल्या. बाहेर पडण्याआधी त्यांनी एक शब्द टाईप केला होता, 'आभारी'. त्यावर भट्टीने नेहमीच्या कोरड्या सुरात कळवलं होतं, की अशी कोणतीही आज्ञा अस्तित्वात नाही.

सोमवारी अकराला ताई याच खुर्चीत बसलेल्या होत्या. पण असं काही केल्याचं त्यांना आठवेना.

भट्टी म्हणजे संस्थेचा मोठा संगणक. खरं तर तो एक नव्हेच. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत माणसाच्या उंचीची कपाटं होती आणि त्यांत दोनशे संगणक एकावर एक रचून, जाड तारांनी एकमेकांना जोडून ठेवले होते. कपाटांच्या मागच्या बाजूला उभं राहिलं की पाठ भाजून निघायची, म्हणून कोणीतरी केव्हातरी ते नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. सहाशे माणसं ती वापरत. कोणी पुलांचा भार मोजणारे, कोणी ताऱ्यांचे अभ्यासक, रुग्णालयातले डॉक्टर, औषधांच्या रेणूंशी झटापट करणारे. जो तो आपलं गणित रांगेत लावायचा आणि पाळी येईपर्यंत ताईंच्या दारात घुटमळायचा. "ताई, माझं आज लागेल का हो?" हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नव्हती.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या इथे टायपिस्ट म्हणून आल्या होत्या. तेव्हाची भट्टी एका टेबलावर मावायची. ती सांभाळणारा माणूस सोडून गेला आणि नवा येईपर्यंत "जरा लक्ष ठेवा" म्हणून ताईंना सांगितलं गेलं. नवा काही आला नाही. ताई पुस्तकं वाचून, चुका करून, दोनदा सगळं बंद पाडून आणि तीनदा चालू करून शिकत गेल्या. आता कोणता पंखा कोणत्या सुरात घरघरला म्हणजे बिघडणार, हे त्यांना दाराबाहेरूनही कळायचं.

या सगळ्या काळात भट्टी एकत्र कुटुंबासारखी चालली. कोणाचं काय चाललंय ते सगळ्यांना दिसायचं. एकाच्या फायली दुसऱ्याला उघडता यायच्या, तात्पुरत्या कामाची जागा सगळ्यांना मिळून एकच होती. त्यात कोणाला वावगं वाटलं नव्हतं. मग दोन महिन्यांपूर्वी वरच्या कार्यालयाने सुरक्षेसाठी एक अधिकारी बाई पाठवली. तिशीतली, केस घट्ट बांधलेली, हातात कायम एक पातळ फाईल. आल्या आल्या तिने यादी काढली. प्रत्येकाच्या फायली बंद करायच्या. एकाचं काम दुसऱ्याला दिसता कामा नये. तात्पुरती जागा ज्याची त्याला वेगळी. पासवर्डच्या जोडीला फोनवर येणारा आकडा. आणि भट्टीची ऑपरेटिंग सिस्टिम दर महिन्याला एक दिवस सगळं थांबवून सुधारून घ्यायची, कारण तिच्यात सापडलेली भोकं बुजवल्याशिवाय बाकीची कुलुपं शोभेचीच.

प्राध्यापकांनी तिचं नाव आठवड्याच्या आत 'कुलूपबाई' ठेवलं. ताई उघड काही बोलल्या नाहीत, पण यादीतली कामं त्यांनी जमेल तितकी लांबणीवर टाकली. एकच गोष्ट झाली होती. भट्टीत कोण कोणत्या किल्लीने आलं आणि सर्वाधिकार वापरून काय केलं, याची बारीक नोंद मागच्या आठवड्यापासून सुरू झाली होती. पूर्वी फक्त पासवर्ड घालून येणाऱ्यांची नोंद व्हायची. किल्ली म्हणजे आकड्याअक्षरांची एक लांबलचक फाईल. ती ज्याच्याजवळ असेल त्याला पासवर्ड न विचारता आत घ्यायचं, असा भट्टीचा रिवाज. ताईंची स्वतःची किल्ली सगळी दारं उघडणारी होती.

सोमवारच्या त्या गणिताची फाईलही ताईंच्याच जुन्या फोल्डरमध्ये निघाली. नाव 'आठवडा'. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. आत ज्या पद्धतीने ओळी मांडल्या होत्या ती पद्धत ताईंचीच होती, दर ओळीनंतर एक मोकळी ओळ सोडण्याची. पण फाईल एवढंच सांगत होती, की बाहेरून आलेला आकडा घ्या, तो आत डोकावता न येणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅमला द्या, उत्तर परत पाठवा. कशाचा आकडा, कसलं उत्तर, पत्ता नाही.

"एवढं कशात डोकं घातलंय?" संध्याकाळी नवऱ्याने विचारलं. ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्याचं काम करत, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत बघायची त्यांना सवयच होती.

"काही नाही हो. कामाचं आहे."

"कामाचं असतं तेव्हा तू बोलत सुटतेस. गप्प बसतेस तेव्हा दुसरंच काहीतरी असतं."

ताई उठून भाजी ढवळायला गेल्या. मीठ घातलं होतं की नव्हतं, ते त्यांना आठवेना. एरवी त्यांनी चव घेऊन बघितली असती. त्या दिवशी हातातला चमचा तसाच राहिला.

कारण माईचं असंच सुरू झालं होतं. माई म्हणजे त्यांची थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. आयुष्यभर तिने शिवणाचे वर्ग चालवले. आधी मीठ दोनदा पडायला लागलं, मग मापं चुकायला लागली, मग एक दिवस ती स्वतःच शिवलेलं झबलं हातात घेऊन विचारत राहिली, की हे कोणी शिवलं, फार सुबक आहे. आता तिच्या नवऱ्याने घरभर कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ताई दर शनिवारी जात. कधी माई ओळखायची, कधी "बसा ना" म्हणून पाहुणचार करायची.

स्वतःच केलेलं काम हातात घेऊन हे कोणी केलं म्हणून विचारणं. ताईंना त्या झबल्याची आठवण झाली आणि रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक वही केली. भट्टीत शिरलं की वेळ लिहायची, बाहेर पडलं की वेळ लिहायची, मध्ये काय केलं तेही. अधिकारी बाईला सांगावं असं दहादा मनात आलं. पण सांगायचं काय? माझ्या नावाने कोणी चोर येतोय, की मीच येते आणि विसरते? चोर असेल तर तो रांग मोडून एक गणित करून आभार मानून निघून कसा जाईल? चोराने काही न्यायला नको का? आणि चोर नसेल तर ताई स्वतःचेच आभार मानत होत्या. दोन्ही बाजूंनी विचार केला की डोकं गरगरायचं.

बुधवारी दुपारी तीन सदतीसला पुन्हा तशीच नोंद पडली. ताईंनी लगेच वही उघडली. साडेतीनला लिहिलं होतं, 'चहा.' तीन पन्नासला, 'रांग तपासली.' मधली वीस मिनिटं कोरी. चहाला वीस मिनिटं लागतात का? त्या कोणाशी बोलत होत्या का? त्यांनी पुलवाल्या प्राध्यापकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, बुधवारी चहाच्या वेळेला मी तुमच्याशी बोलत होते का हो?"

"बोलत होतात की. का?"

"किती वेळ?"

"ताई, तुम्ही पण कुलूपबाईसारखी चौकशी करायला लागलात," ते हसत म्हणाले आणि गेले. ताई मात्र होत्या तिथेच राहिल्या. दोघं बोलत होते हे खरं, पण किती वेळ ते प्राध्यापकांनाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दाढेने डोकं वर काढलं. दुखणं इतकं, की ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकून दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. साडेदहा ते बारा त्या खुर्चीत आडव्या होत्या, तोंडात कापूस, जबडा बधिर, फोन पिशवीत आणि पिशवी बाहेर नवऱ्याच्या मांडीवर. दुपारी कार्यालयात येऊन नोंदी उघडल्या, तर अकरा वाजून अठरा मिनिटांनी ताई भट्टीत शिरल्या होत्या, आणि जाताना 'आभारी' म्हणाल्या होत्या.

ताईंना हसू फुटलं. बधिर जबड्यामुळे ते एकाच बाजूने फुटलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती त्या नव्हत्या. मग दुसरा विचार आला आणि हसू जागच्या जागी विरलं. त्या नव्हत्या, म्हणजे दुसरं कोणीतरी होतं, आणि त्या कोणाच्या तरी हातात सहाशे माणसांच्या कामाची, रुग्णालयातल्या रोग्यांच्या कागदांची, सगळ्याची किल्ली होती. आणि हे चार दिवस त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

त्या उठून थेट अधिकारी बाईच्या खोलीत गेल्या.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," त्या अर्ध्या तोंडाने म्हणाल्या. "मंगळवारीच सांगायला हवं होतं."

अधिकारी बाईने सगळं ऐकून घेतलं. वही चाळली. "मंगळवारी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं मीच आहे. मला वाटलं मी विसरायला लागलेय."

अधिकारी बाईने वही मिटली. तिला रागवायचं होतं, ते दिसत होतं, पण या उत्तरावर कसं रागवायचं ते तिच्या फाईलमध्ये नसावं. "खुर्ची घ्या," ती म्हणाली. "कोण आहे ते आधी बघू."

नोंद फक्त एवढंच सांगत होती, की ती किल्ली भट्टीच्या दारातल्या संगणकावरून आत आली. त्या दारातून सहाशेही जण यायचे. अधिकारी बाईने दारावरच्या नोंदीही बारीक करून ठेवल्या. सर्वाधिकार सोमवारपर्यंत तात्पुरते गोठवावेत, असं तिचं म्हणणं होतं. पण मग तो येणारच नाही आणि कोण ते कळणारच नाही, असं ताईंचं. शेवटी किल्ली चालू ठेवायची, पण तिने रोग्यांच्या फायलींना हात लावला तर त्याच क्षणी सगळं बंद पडेल, अशी सोय त्यांनी मिळून केली. ताईंनी हे काम लांबणीवर टाकलं नाही.

सोमवारी दहाच्या सुमारास दोघी एकाच पडद्यापुढे बसल्या होत्या, तेव्हा किल्ली आली. दारावरची नोंद उमटली. अधिकारी बाईने वाचलं आणि भुवया उंचावल्या. "हे खातं कोणाचं आहे? नदीविषयक विभाग. निवृत्त होऊन सहा वर्षं झालीत यांना."

"नदीवाले सर," ताई म्हणाल्या. "ते तर मुलीकडे राहायला गेले, फार लांब. त्यांना आता कानानं कमी ऐकू येतं."

"खातं मात्र जिवंत आहे. आणि येतंय कुठून, तर..." तिने पत्ता शोधला. "धरण. दरवाजांचा नियंत्रण कक्ष."

आणि मग ताईंना आठवलं. आपोआप, सगळं एकदम, जसं काही ते कालच घडलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी वरच्या भागात सलग पाऊस पडला होता. धरणात किती पाणी येणार याचं गणित नदीवाल्या सरांनी बसवलं होतं, पण ते भट्टीच्या रांगेत नऊ तास अडकून पडलं आणि उत्तर आलं तेव्हा पाणी येऊन गेलं होतं. सर ताईंच्या टेबलासमोर उभे राहिले होते, छत्रीतून पाणी गळत होतं. ताईंच्या सासूबाईंचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि त्या रजेवर निघाल्या होत्या. मागे कोणी नव्हतं. "हे घ्या सर," त्या म्हणाल्या होत्या आणि त्यांनी आपली किल्ली सरांच्या खात्यात ठेवली होती, एक छोटी फाईल लिहून दिली होती. "मी येईपर्यंत वापरा. आठवडाभर." म्हणून नाव 'आठवडा'. मग सासूबाईंचं दुखणं तीन महिने लांबलं, आणि ताई परत आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात दुसरंच सगळं होतं.

"म्हणजे मी विसरलेच होते," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यातलं नाही. अकरा वर्षांपूर्वीचं." यावर खूश व्हावं की घाबरावं, ते त्यांना कळेना.

अधिकारी बाईचा हात कळफलकावर होता. "मी आत्ताच्या आत्ता ही किल्ली रद्द करतेय."

"दहा मिनिटं थांबा."

"ताई, नियंत्रण कक्षातला तो संगणक किती जुना आहे, कोण बसतं त्याच्यावर, आपल्याला काही माहीत नाही. तो कोणी फोडला तर सगळी भट्टी त्याची."

"तुमचं पटतंय मला. पण तिथला माणूस आपलं उत्तर बघून धरणाचे दरवाजे उघडत असेल तर? निदान त्याला सांगू तरी."

अधिकारी बाईने घड्याळाकडे बघितलं. "दहा मिनिटं."

फोन बराच वेळ वाजला. मग एका घोगऱ्या, सावकाश आवाजाने उचलला. ताईंनी संस्थेचं नाव सांगितलं, मग स्वतःचं.

"त्याच ताई का? स्क्रीनवर येतं ते तुमचंच नाव?"

"हो, माझंच."

"अकरा वर्षं तुमच्याकडून आकडे घेतोय आणि आवाज आज ऐकतोय," दरवाजे चालवणारे गृहस्थ म्हणाले. "सरांनी दाखवून दिलं होतं, आपली पातळी घालायची आणि वाट बघायची. मला वाटायचं तुम्ही तिथे बसून मांडता. वीस-बावीस मिनिटं लागतात, म्हणजे माणूस आपल्यासाठी हिशेब करतोय. म्हणून निघताना आभार लिहितो. मशीन म्हणतं, आज्ञा नाही. म्हटलं, ताई शिस्तीच्या दिसतात."

ताईंनी फोनवर हात ठेवून अधिकारी बाईकडे बघितलं. ती ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत होती. हसू आवरत असावी.

मग ताईंनी त्यांना सरळ सांगितलं. हे गणित यंत्र करतं, ते ज्या वाटेने येतात ती वाट धोक्याची आहे, ती आज बंद होणार, आणि नवी वाट बनायला चार दिवस लागतील. तोवर पातळी फोनवर सांगायची, ताई स्वतः गणित चालवून आकडा कळवतील.

"म्हणजे आता खरंच तुम्ही मांडणार," ते म्हणाले.

"हो. आता खरंच."

दुपारच्या आत किल्ली रद्द झाली. नंतरचे चार दिवस विचित्र गेले. गुरुवारच्या बैठकीत ताई संचालक आणि प्राध्यापकांसमोर स्वतःची चूक सांगायला उभ्या होत्या आणि मध्येच फोन आला. "मला दोन मिनिटं जावं लागेल," त्या म्हणाल्या, "पाणी आलंय." संचालकांना आधी काही उलगडेना. अधिकारी बाईने समजावलं.

परत आल्यावर त्यांनी उरलेलं सांगितलं. काही लपवलं नाही, चार दिवस गप्प राहिल्याचंही. पुलवाले प्राध्यापक म्हणाले, की असं कोणाच्याही हातून होऊ शकतं. अधिकारी बाई शांतपणे म्हणाली, "तेच तर मी दोन महिने सांगतेय. माणूस चांगला असला म्हणून दार उघडं टाकायचं नसतं. चांगल्या माणसांनीच ही किल्ली दिली आणि चांगल्याच माणसाने वापरली. तिसरा कोण येईल ते माहीत नाही." त्यावर प्रथमच कोणी चेष्टा केली नाही. यादी त्याच बैठकीत मंजूर झाली.

धरणासाठी वेगळं खातं बनलं. त्याला एकच गणित चालवता येत होतं, दुसरं काहीही नाही, आणि फक्त त्याच कक्षातून. रांग मोडायची गरज उरू नये म्हणून दोनशेंपैकी तीन संगणक कायमचे त्याच्यासाठी राखून ठेवले. निवृत्त झालेल्यांची एक्कावन्न खाती बंद झाली. ताईंचे सर्वाधिकार ताई आणि अधिकारी बाई अशा दोघींमध्ये वाटले गेले. यापुढे मोठं काही करायचं तर एकीने मागायचं आणि दुसरीने संमती द्यायची. संचालकांनी हे अगदी सौम्यपणे सांगितलं, आणि शिक्षा म्हणून नव्हे असंही सांगितलं. ताई "बरं" म्हणाल्या. घरी जाताना त्यांना कळत नव्हतं, की खांद्यावरचं ओझं उतरलंय की हातातलं काही काढून घेतलंय.

शनिवारी त्या माईकडे गेल्या. त्या दिवशी माईने ओळखलं. ताईंनी तिला सगळी हकीकत सांगितली, धरण, किल्ली, आभार, सगळं. माई मन लावून ऐकत होती.

"म्हणजे तू विसरलीस," ती शेवटी म्हणाली.

"हो माई."

"आणि कोणी ओरडलं नाही तुला?"

"नाही गं."

"मग ठीक आहे," माई म्हणाली, आणि समोरच्या टेबलावरच्या कपड्याची घडी घालायला लागली. घडी मोडून पुन्हा घातली. ताईंना विचारायचं होतं, की सुरुवातीला तुला कळलं होतं का, आणि कळलं तेव्हा कसं वाटलं. पण ते विचारायचं धाडस झालं नाही. डॉक्टरांकडे स्वतःची तपासणी करून घ्यावी असं नवऱ्याचं म्हणणं होतं. ताईंनी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा वेळ ठरवून टाकली. पुढच्या महिन्यातली मिळाली.

भट्टीची सिस्टिम सुधारून घेण्याचा पहिला दिवस त्याआधी आला. ठरलेल्या बुधवारी सकाळी नऊ वाजता, सहाशे जणांना आठ दिवस आधी कळवून, भट्टी थांबवली गेली. सव्वीस वर्षांत ती बिघडून बंद पडली होती, पण कोणी आपणहून थांबवली नव्हती. पंखे एकेक करून मंदावले आणि खोली इतकी शांत झाली, की ताईंना कपाटांच्या मागून चालत येणाऱ्या अधिकारी बाईच्या चपलांचा आवाजही मोठा वाटला. हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना.

"मागते आहे," ताई म्हणाल्या आणि पडद्यावर विनंती टाकली.

"दिली," अधिकारी बाई शेजारच्या पडद्यावरून म्हणाली.

नवी सिस्टिम चढायला पावणेतीन तास लागले. साडेबाराला एकशे नव्व्याण्णव संगणक उठले. सातव्या कपाटातला एक काही केल्या उठेना. अधिकारी बाई पुस्तिका चाळायला लागली. ताई कपाटापाशी गेल्या, कान लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या, पण बाकीचे सगळे पुन्हा घोंघावायला लागले होते आणि त्यात त्यांना काहीच वेगळं ऐकू येईना.

"काय झालंय याला?" अधिकारी बाईने विचारलं.

"माहीत नाही," ताई म्हणाल्या आणि स्क्रू काढायला वाकल्या. "उघडून बघू."